आमची खुडूक कोंबडी

दसऱ्यापासून दिवाळीच्या पाडव्यापर्यंत किती दिवस असतात, हे पंचांग न उघडता मला कधी सांगता आले नसते. आमच्याकडे धुणेभांडी करायला येणाऱ्या मावशींना मात्र ते तोंडपाठ होते. "एकवीस, वैनी. दसऱ्याला कोंबडी बसवायची, पाडव्याला पिल्लं निगत्यात." २०२३ साली दसरा २४ ऑक्टोबरला होता आणि पाडवा १४ नोव्हेंबरला. मी बोटांवर मोजले. बरोबर एकवीस भरले. अंड्यातून पिल्लू बाहेर पडायलाही एकवीसच दिवस लागतात, हे मी शाळेत कधीतरी वाचले असेन; पण त्याची सणांशी अशी सांगड घालता येते, हे मावशींनी सांगेपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते.

या पानावर माझ्याकडून लोणची, लग्नकार्ये, भाडेकरू आणि पाहुणे यांच्याविषयी ऐकण्याची वाचकांना सवय झाली आहे. कोंबडीवर लिहायची पाळी येईल असे मलाही वाटले नव्हते. पण त्या दिवाळीत माझ्या हातून एक गोष्ट घडली, आणि पुढच्या दिवाळीत तिचा जाब मला एका नऊ वर्षांच्या मुलीपुढे द्यावा लागला. ती सांगायची, तर आधी कोंबडीची हकिगत सांगितलीच पाहिजे.

साताऱ्यास अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आमचे जुने घर आहे. मागे परसू, त्यात एक पेरूचे झाड, न्हाणीघर आणि कधीतरी उपयोगी पडतील म्हणून जपून ठेवलेल्या कौलांचा ढीग. आमच्या सासूबाई हयात असत्या, तर या परसात कोंबडीने पाऊल टाकले नसते. पण मावशींचे बिऱ्हाड अंगण नसलेल्या चाळीत गेले आणि त्यांची पिंगट कोंबडी "चार दिवस ठेवा" म्हणून आमच्याकडे आली, ती राहिलीच. पिंगट म्हणून तिचे नाव पिंगी. अंडी निम्मी मावशींची, निम्मी आमची, असा तोंडी करार झाला आणि तो दोन्ही बाजूंनी इमानाने पाळला गेला.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात पिंगीने अंडी देणे एकाएकी बंद केले. कौलांच्या ढिगाआड एका खळग्यात ती पिसे फुलवून दिवसभर बसून राही. जवळ गेले की घशातून गुरगुरे, हात पुढे केला की चोच मारी. मला वाटले, काही दुखणे आले. मावशी हसल्या. "दुखणं कसलं? खुडूक झालीय. तिला आता पोरं पायजेत."

खुडूक होणे ही गावठी कोंबडीची जुनी खोड. अंड्यांच्या धंद्यासाठी ज्या संकरित कोंबड्या पाळतात, त्यांच्यातून ती पिढ्यान्‌पिढ्या निवड करून जवळजवळ घालवून टाकली आहे. कारण उघड आहे, खुडूक कोंबडी अंडी देत नाही. म्हणजे वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देणाऱ्या त्या बिचाऱ्यांना आई होणे ठाऊकच नाही. आमच्या पिंगीला तेवढेच एक ठाऊक होते.

आमच्या परसात त्या वेळी कोंबडा नव्हता. तेव्हा तिच्या स्वतःच्या अंड्यांतून काही निघण्यासारखे नव्हते. मावशींनी जावळीकडच्या आपल्या गावाहून अकरा ताजी अंडी तांदळात पुरून आणली. बांबूच्या पाटीत तूस, त्यावर गवत, उवा होऊ नयेत म्हणून थोडा कडुलिंबाचा पाला, अशी बैठक न्हाणीघराच्या आडोशाला तयार झाली. घरात सोन्याची पाने वाटून झाली आणि अंधार पडल्यावर मावशींनी पिंगीला उचलून त्या अंड्यांवर बसवले. तिने पोटाखाली चोच घालून एकेक अंडे सारखे केले आणि डोळे मिटून घेतले.

आमचे हे वीजखात्यातून निवृत्त झालेले. कोंबडी बसली त्या दिवसापासून त्यांना वेगळीच हुरूप आली. मोबाईलवर वाचून त्यांनी मला सांगितले, की नव्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात पस्तीस अंश उष्णता लागते आणि मग दर आठवड्याला ती दोन-तीन अंशांनी कमी करीत न्यायची. तेवढी ऊब देण्यासाठी त्यांनी एक खोका केला. त्याला भोके पाडली, आत तापमापक टांगला. मग ६० वॅटच्या दिव्यासाठी साऱ्या पेठा पालथ्या घातल्या. दुकानांतून पाहावे तिकडे एलईडीचे दिवे; त्यांचा उजेड लख्ख, पण ऊब नावाला नाही. अखेर एका जुन्या दुकानदाराने माळ्यावरून धूळ झटकून तारेचा दिवा काढून दिला, तेव्हा ह्यांना लॉटरी लागल्याचा आनंद झाला.

"पण अहो, कोंबडी आहे ना ऊब द्यायला?" मी म्हटले.

"असू दे. पर्यायी व्यवस्था हवीच," हे म्हणाले. वीजखात्याची सवय, दुसरे काय!

आठव्या रात्री ह्यांनी एकेक अंडे विजेरीसमोर धरून पाहिले. नऊ अंड्यांत एक काळा ठिपका आणि त्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसल्या. दोन अंडी मात्र आरपार स्वच्छ. त्यांत काही धरलेच नव्हते. ती काढून टाकली. पिंगी दिवसातून एकदाच, पंधरा-वीस मिनिटांपुरती उठे. घाईघाईने दाणे खाई, पाणी पिई, पेरूखालच्या मातीत लोळून अंग घोळवून घेई आणि पुन्हा अंड्यांवर. बाकी सारा वेळ ती पुतळ्यासारखी बसलेली दिसे. दिसे म्हणते, कारण ती खरोखर स्वस्थ नसे. दिवसातून कितीतरी वेळा ती अंडी फिरवी, कडेची मधे आणि मधली कडेला घेई. पोटाखालची तिची पिसे गळून कातडी उघडी पडली होती, म्हणजे तिच्या अंगाची ऊब थेट अंड्याला लागावी.

दिवाळीला मुलगा, सून आणि नात पुण्याहून आली. नातीला आम्ही छकुली म्हणतो. त्या वर्षी ती आठ वर्षांची होती. फराळाच्या डब्याकडे न जाता ती थेट परसात गेली आणि पाटीसमोर बसली. तिला चिंता एकच, की लक्ष्मीपूजनाच्या फटाक्यांनी पिंगी घाबरून पळाली तर? १२ नोव्हेंबरला पेठेत फटाक्यांचा असा काही दणका उडाला, की मीच कानात बोटे घातली. पिंगीने मान आखडून घेतली, एवढेच. उठली नाही.

त्याच रात्री उशिरा, सारे शांत झाल्यावर, छकुली धावत आली. "आजी, अंडी बोलतायत!" मी आधी हसले, पण जाऊन ऐकते तो खरेच, पोटाखालून अगदी बारीक चिवचिव येत होती आणि पिंगी हलक्या आवाजात तिला ओ देत होती. बाहेर पडण्याआधी एक-दोन दिवस पिल्लू अंड्याच्या बोथट टोकाकडच्या हवेच्या पोकळीत चोच खुपसते आणि फुप्फुसाने श्वास घेऊ लागते. तेव्हापासून त्याला आवाज फुटतो. आईची आणि मुलांची ओळख अशी कवचाच्या आतबाहेरून होते. आम्ही तिघे, म्हणजे छकुली, हे आणि मी, थंडीत शाली पांघरून कितीतरी वेळ ते संभाषण ऐकत उभे होतो.

पाडव्याच्या पहाटे पहिले पिल्लू निघाले. संध्याकाळपर्यंत आठ झाली. ओली, केविलवाणी निघत आणि तासा-दोन तासांत वाळून कापसाचे गोळे होत. छकुलीने कण्यांची वाटी तयारच ठेवली होती. पण मावशींनी तिला हात लावू दिला नाही. "आज कायबी न्हाई. पोटात हाय त्यांच्या." ते खरे होते. अंड्यातला उरलेला बलक निघण्यापूर्वीच पिल्लाच्या पोटात ओढला जातो, आणि त्यावर ते दोन-तीन दिवस अन्नपाण्यावाचून सहज राहू शकते. म्हणूनच तर आधी निघालेल्यांना पोटाशी घेऊन आई मागे राहिलेल्यांसाठी थांबू शकते.

मागे राहिले होते नववे. त्याच्या कवचाला पाडव्याच्या सकाळीच एक बारीक भोक पडले होते, त्यातून चोचीचे टोक दिसत होते. आणि पुढे काही नाही. दुपार झाली, ओवाळणी झाली, रात्र झाली. भाऊबिजेची सकाळ उजाडली तरी ते तसेच. छकुली दर पंधरा मिनिटांनी येऊन विचारी, "आजी, आलं का गं?" दुसऱ्या दिवशी ती मंडळी पुण्याला परत जायची होती. तिला नऊच्या नऊ पाहून जायचे होते, आणि मला ती तिला दाखवायची होती. खरे कारण हेच. पिल्लाची कणव वगैरे मी मागाहून स्वतःला सांगितले.

सगळे आंघोळीच्या गडबडीत असताना मी ते अंडे पिंगीखालून काढले. तिने माझ्या मनगटावर दोनदा चोच मारली. मी नखाने कवचाचा एक तुकडा काढला, मग दुसरा. आतले पांढरे पापुद्रे पातळ कागदासारखे होते. मी ते बाजूला केले आणि त्यांतून रक्त आले. थोडे नाही. मी पदर दाबून धरला, पण थांबेना. पुढे मला कळले, की अंड्याच्या आतल्या त्या पापुद्र्यांत रक्तवाहिन्यांचे जाळे असते. पिल्लू भोक पाडून जे स्वस्थ पडून राहते, ते थकून नव्हे, तर त्या वाहिन्यांतले रक्त अंगात ओढून घ्यायला आणि उरलेला बलक पोटात घ्यायला त्याला वेळ हवा असतो. ह्यात कधी दिवस-दिवस जातो. ते काम पुरे झाल्यावरच ते गोल फिरत कवच कापते. मी त्याला मधेच गाठले होते.

अर्ध्या तासात ते गेले. मी ते पेरूखाली पुरले, हात धुतले आणि छकुली आली तेव्हा तिला म्हटले, "ते आतच गेलं होतं गं, बाळा. कधीकधी होतं असं."

ती रडली नाही. फक्त विचारले, "आपल्याला आधी कळलं नाही का?" मी म्हटले, "नाही कळलं."

मावशींनी भांडी घासता घासता माझ्या पदरावरचा डाग पाहिला. काही बोलल्या नाहीत. कामाच्या बायका किती गोष्टी पाहतात आणि किती बोलत नाहीत, ह्याचा हिशेब आपण कधी ठेवत नाही.

आता ह्याच्या पुढचा प्रकार. भाऊबिजेला छकुलीला मामेभावाकडून ओवाळणी मिळाली. ती घेऊन ती आजोबांबरोबर संध्याकाळी बाजारात गेली, ती येताना कागदी पिशवीत दोन पिल्ले घेऊन आली. एक गुलाबी, एक हिरवे. बाजारात टोपलीत घालून विकतात तीच, रंगात बुडवलेली. "आपलं एक कमी झालं ना, म्हणून," ती म्हणाली. माझ्याने तिच्याकडे पाहवेना.

ही रंगीत पिल्ले येतात कुठून, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अंड्यांच्या कोंबड्यांची पिल्ले जिथे यंत्रावर निघतात, तिथे पहिल्याच दिवशी नर आणि मादी वेगळे करतात. ह्या जातीच्या नराला अंडी द्यायची नाहीत, आणि त्याच्या अंगावर मांसही परवडण्यासारखे चढत नाही. तेव्हा ते धंद्याला निरुपयोगी. बहुतेक त्याच दिवशी मारले जातात; काही फेरीवाल्यांकडे जातात, रंगवले जातात आणि पोरांच्या हट्टापायी घरोघर येऊन दोन-चार दिवसांत थंडीने मरतात.

ह्यांनी तत्काळ आपला खोका पुढे केला. दिवा लावला, तापमापक पाहिला, पस्तीस अंश. दोन्ही पिल्ले आत ठेवली, तशी ती एका कोपऱ्यात दाटीवाटीने उभी राहून एकसारखी ओरडू लागली. ऊब होती, पण त्यांचे ओरडणे थांबेना. छकुलीने विचारले, "पिंगी नाही का घेणार त्यांना?"

मावशींनी विचार केला. म्हणाल्या, "रातच्याला घालू. घेतली तर घेतली. न्हाई घेतली तर टोचून मारंल, ते बी सांगून ठेवते." छकुलीला त्यांनी हे तोंडावर सांगितले, आठ वर्षांच्या पोरीला. मी सकाळी जे करू शकले नव्हते, ते त्यांनी सहज केले.

कोंबडीला दुसऱ्याची पिल्ले द्यायची, तर ती एक-दोन दिवसांचीच हवीत आणि अंधारातच द्यायला हवीत. तिची स्वतःचीही नुकतीच निघालेली असली पाहिजेत. आमच्याकडे हे सारे जुळत होते. शंका होती ती रंगाची. आठही पिल्ले पिंगट-तपकिरी, त्यांत हे गुलाबी आणि हिरवे. रात्री नऊला परसातले दिवे मालवून मावशींनी एकेक पिल्लू मुठीत घेतले आणि मूठ पाठीमागून पिंगीच्या पंखाखाली सरकवून उघडली. एकाएकी ओरडणे थांबले. खोक्यातल्या पस्तीस अंशांना जे तासभर जमले नव्हते, ते क्षणात झाले. हे अंधारात माझ्या शेजारी उभे होते. म्हणाले, "कमाल आहे." खोक्याचा दिवा त्यांनी मात्र चालूच ठेवला.

सकाळी पिंगी पाटीतून उतरली. पंखांखालून एकेक बाहेर येऊ लागले. गुलाबी आले, तिने मान वाकडी करून एका डोळ्याने त्याच्याकडे पाहिले आणि पुढे गेली. हिरवे आले, तिने त्याच्या डोक्यावर टोचले. छकुली किंचाळली. मावशींनी पुढे होऊन साऱ्यांवर डालगे झाकले आणि त्यावर पोते टाकले. "अंधारात ऱ्हाऊ द्या आजचा दिस. रंग दिसला न्हाई म्हंजे झालं. आवाज कळंल." दुपारी मंडळी पुण्याला गेली. जाताना छकुलीने डालग्याला कान लावून ऐकले. आतून फक्त टुक् टुक् येत होते.

दुसऱ्या दिवशी पोते काढले. पिंगीने दहाही पिल्ले पोटाशी घेतली होती. हिरव्याला पुन्हा टोचले नाही. पण ते पहिल्यापासून गळाठल्यासारखे होते. बाकीची धावत असताना पंख ओघळून उभे राही. चौथ्या दिवशी मी ते खोक्यात ठेवले. ह्यांनी रात्रभर उठून उठून तापमान पाहिले. पहाटे ते गेले. त्या सकाळी हे चहाही न घेता खोका घेऊन माळ्यावर ठेवायला गेले, आणि बराच वेळ खाली आले नाहीत.

छकुलीचा फोन आला तेव्हा मी सांगितले, "हिरवं गेलं."

"आतच गेलं होतं का?"

"नाही गं. ते बाहेर होतं. अशक्त होतं ते." एवढे खरे बोलले, आणि नवव्याविषयी बोलायची हीच वेळ आहे असे मनात आलेही, पण फोनवर कुठे, असे म्हणून राहिले.

उरलेल्या नऊंचे संगोपन पिंगीने केले, आणि मी पाहिले. मला करण्यासारखे फार थोडे होते. उथळ बशीत पाणी ठेवणे आणि त्यात खडे घालणे, नाहीतर पिल्ले बुडतात. कण्या, नाचणीची भरड आणि पिल्लांचे म्हणून दुकानात मिळते ते खाद्य ठेवणे. मोठ्या अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे खाद्य पिल्लांना घालायचे नाही, त्यात चुना फार असतो आणि त्याने त्यांचे मूत्रपिंड बिघडते. तूस ओले झाले की बदलणे, कारण ओलीत रक्ती हगवणीचा रोग वाढतो. मावशी दोनदा वाळवीचे ढेकूळ घेऊन आल्या. ते फोडले तेव्हा जी झुंबड उडाली, ती आमच्या लग्नातल्या पंगतीतही उडाली नव्हती.

आणि एक लस. मानमोडीला, जिला राणीखेत म्हणतात, कुठल्याच आईचा इलाज नाही. कुमाऊँमधल्या राणीखेत गावी १९२०च्या दशकात हा रोग आढळला आणि त्या निसर्गरम्य गावाचे नाव आपल्या देशात कोंबड्यांच्या मरीला कायमचे चिकटले. सातव्या दिवशी पिल्लाच्या डोळ्यात एक थेंब टाकायचा असतो. पण लशीची कुपी मिळते ती शंभर पिल्लांची, आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. आमची नऊ! मग मावशींनी आपल्या ओळखीच्या घरांना निरोप धाडले आणि त्या सकाळी आमच्या परसात टोपल्या-डालग्यांची जत्रा भरली. सासूबाईंच्या फोटोला मी मनातल्या मनात हात जोडले.

बाकीचे सारे पिंगीचे. दाणा सापडला की ती तो चोचीत उचली, खाली टाकी, पुन्हा उचली आणि टुक् टुक् करी. पिल्ले धावत येऊन तोच उचलीत. इंग्लंडात ब्रिस्टल विद्यापीठातल्या क्रिस्टीन निकोल आणि स्टुअर्ट पोप यांनी १९९६ साली ह्यावरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या रंगाचे दाणे वाईट म्हणून कोंबडीला ठाऊक होते, तसे दाणे आपली पिल्ले खाताहेत असे दिसताच ती जास्तच खरवडू-टोचू लागे, जणू ओढून दुसरीकडे नेई. पिंगीचे रोजचे वागणे पाहून मला त्यात आश्चर्य वाटले नाही. आकाशात घार दिसली की ती एक लांब सूर काढी, आणि नऊ पिल्ले जिथल्या तिथे गवतात नाहीशी होत. जमिनीवर मांजर दिसले की सूर निराळा. तरी एक कावळ्याने नेलेच. थंडी वाजली की पिल्ले आपण होऊन पंखाखाली शिरत, ऊब घेत आणि पुन्हा बाहेर पडत. ह्यांच्या खोक्यात ऊब एका जागी होती. ही ऊब परसभर चालत असे.

गुलाबी पिल्लाचा रंग पिसे फुटू लागली तसा उडत गेला. तीन-चार आठवड्यांत ते ठिगळ लावल्यासारखे दिसू लागले. मग पांढरेशुभ्र झाले. सहा महिन्यांत त्याचा तांबड्या तुऱ्याचा भला थोरला कोंबडा झाला. पहाटे चारला आरवतो. शेजारच्या काकांनी आधी तक्रार केली. आता त्याच्याच आरवण्यावर उठून फिरायला जातात. बाकीच्यांत चार तलंगा निघाल्या आणि तीन कोंबडे. ते तीन मावशी गावी घेऊन गेल्या. त्यांचे पुढे काय झाले, ते मी विचारले नाही.

२०२४ साली दसरा १२ ऑक्टोबरला आला आणि पाडवा २ नोव्हेंबरला. पुन्हा एकवीस. पिंगी पुन्हा खुडूक झाली. या वेळी अंडी गावाहून आणावी लागली नाहीत. परसात कोंबडा होता. दहा बसवली. छकुली आता नऊ वर्षांची. पाडव्याच्या दुपारपर्यंत सात निघाली आणि एका अंड्याला भोक पडून ते तसेच राहिले.

मी स्वयंपाकघरात होते. बाहेर आले तो छकुली पाटीपुढे गुडघ्यांवर बसलेली. एका हातात ते अंडे, दुसऱ्या हाताचे नख कवचाच्या कडेला लावलेले.

"छकुले, ठेव ते!"

"पण आजी, गेल्या वर्षी ते आत मेलं ना! आपण कुणी काढलं नाही म्हणून मेलं. मी वर्षभर विचार केलाय. ह्या वेळी मी मरू देणार नाही."

मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले. गुडघे आता लवकर वाकत नाहीत, पण बसले. म्हटले, "ते आत मेलं नव्हतं. मी ते फोडलं, म्हणून मेलं. तुझ्यासारखंच, नखाने. त्याच्या अंगातलं रक्त गेलं. मी तुला खोटं सांगितलं."

तिने अंड्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. मग ते हळूच पिंगीच्या पोटाशी ठेवले. पिंगीने ते चोचीने आत ओढून घेतले.

"मग मला का नाही सांगितलंस?"

माझ्यापाशी चांगले उत्तर नव्हते. "मला लाज वाटली," मी म्हटले.

ती काही बोलली नाही. रात्रीच्या जेवणाला आली, पण माझ्या शेजारी बसली नाही. अनारसे दिले तर "नको" म्हणाली. सूनबाईने मला खुणेने विचारले, काय झाले. मी मान हलवली. जेवण होताच ती पुन्हा परसात गेली. थोड्या वेळाने मी दारातून डोकावले. छकुली पाटावर बसली होती, अंगाभोवती आजोबांची शाल आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरलेले, म्हणजे ते चुकूनही पुढे जाऊ नयेत. मी आत आले.

साडेनऊ-दहाच्या सुमारास परसातून हाक आली. "आजोबा! आजोबा, लवकर या! आलं!" हे चष्मा शोधत धावले. मी दाराशीच उभी राहिले. आजोबांना ते ओले पिल्लू दाखवून झाले, त्यांच्या विजेरीत त्याची नीट पाहणी झाली. मग तिने मागे वळून पाहिले आणि पाटावर थोडी सरकून बसली.